मंडपातली अंबाडी

हिवरखेड, ता. तेल्हारा
५ सप्टेंबर २००४

प्रिय नियाजभाई,

जयभीम आणि सलाम.

हे पत्र वाचून झालं की जाळून टाक. घरात गॅस असला तरी काडीपेटी असेलच. आठ दिवसांपासून लिहू की नको, असं चाललं होतं. फोनवर बोललो असतो, पण एसटीडीच्या दुकानात मागे चार माणसं कान टवकारून उभी असतात.

कौशल्याचं तुला माहीत आहे. पोटातली गाठ. नागपूरच्या डॉक्टरांनी ज्येष्ठात सांगितलं, आता घरी न्या. घरी आणली. दुपार कलली की दुखणं सुरू व्हायचं आणि तिचं ओरडणं गल्लीच्या टोकापर्यंत जायचं. शेजारी चूल पेटवताना थांबायचे. मी चप्पल घालून बाहेर पडायचो आणि देवळापर्यंत जाऊन परत यायचो. दुसरं काही करता येत नव्हतं, हे तुला लिहितानाही लाज वाटते.

आपली लीलाबाई, पलीकडच्या आळीतली, जिने अर्ध्या गावाची बाळंतपणं केली, तिने एक दिवस पदराच्या गाठीतून चार बिया काढून दिल्या. म्हणाली, "परसात अंबाडीच्या ओळीत लाव. पान अंबाडीसारखंच दिसते, कोणाले समजनार नाही." मी विचारलं, कशाचं बी? तर म्हणे, "म्हातारा झाला तरी सारं विचारतेच." तीन बिया गेल्या. एक आली.

नियाज, ते झाड गांजाचं आहे.

आता ते माझ्या डोक्याच्या वर गेलं आहे. मी पन्नास वर्षं माती उकरली. कापूस, ज्वारी, तूर सगळं पाहिलं, पण असं झाड पाहिलं नाही. खत नाही, फवारणी नाही. अळी त्याच्याकडे पाहत नाही. सकाळी सात बोटांची पानं अशी पसरलेली असतात की कोणीतरी हात पुढे करून उभं आहे असं वाटतं. लीलाबाई थोडी पानं तुपात परतून दुधात देते. पहिल्या दिवशी कौशल्या दिवे लागायच्या वेळेला झोपली. मला वाटलं, संपलं. नाकाशी बोट धरलं तर श्वास चालू होता. सकाळी उठून तिने अर्धी भाकर मागितली. मी भाकर घेऊन उभाच राहिलो. दोन महिन्यांत तिने काही मागितलं नव्हतं.

तू अबकारी खात्यात तीस वर्षं काढलीस. मला सांग, एका झाडाला किती वर्षं होतात? आणि बायकोच्या आजारासाठी आहे म्हटलं तर सूट असते का? निवडणूक जवळ आली आहे. जीप फिरून राहिल्या आहेत. मोठ्या पक्षाचे अण्णासाहेब कर्ण्यावरून सांगतात, निवडून आलो तर मतदारसंघातला गांजा मुळासकट उपटीन. जीप आमच्या गल्लीत वळली की मी परसाच्या दाराला पाठ लावून उभा राहतो. दाराला पाठ लावून काय होणार, पण राहतो.

तुझ्या मोईजला आशीर्वाद. सुरतेत त्याचं बरं चाललं असेल.

तुझा,
देवमन


अमरावती
१२ सप्टेंबर २००४

देवमन,

पत्र मिळालं. जाळलं.

झाड आजच उपट आणि जाळ. लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत होऊ शकतात. एक झाड की शंभर, लावणं म्हणजे लावणं. आजारासाठी सूट नाही. नुसत्या पानाला कायदा गांजा म्हणत नाही, शेंड्यावरच्या फुलाला म्हणतो. पण हा बारकावा परसात उभ्या असलेल्या शिपायाला समजावण्यात अर्थ नाही. आणि आश्विनात तुझ्या झाडाला फूल येईलच.

माझ्या हातून असे पंचनामे झाले आहेत. एकाने तुळशीच्या बाजूला लावलं होतं. तोही म्हणाला, आईसाठी आहे. सगळे कोणासाठी तरीच लावतात.

अण्णासाहेबांचं तू चेष्टेने लिहिलंस तसं मला वाटत नाही. या बाबतीत तो माणूस बरोबर बोलतो आहे. मला तिकडे मत असतं तर त्यालाच दिलं असतं.

वहिनींना सलाम सांग. मोईज ठीक आहे. कामात असतो.

नियाज


हिवरखेड
२० सप्टेंबर २००४

नियाजभाई,

तुझं पत्र सरकारी नोटिशीसारखं आलं. वहिनींचं दुखणं कसं आहे, एवढी एक ओळ त्यात बसली असती. तीस वर्षं खुर्चीवर बसलं की माणसाच्या अक्षरालाही शिक्का लागतो काय?

तरी मी तुझं ऐकलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विळा घेऊन परसात गेलो. बैलांसाठी नवे दोर करायला अंबाडी कापली होती, तिच्या बाजूला ते उभं होतं. शेंड्यावर काहीतरी धरू लागलं आहे. वास असा की माणूस थांबतो. मी विळा धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. कौशल्या भिंतीला धरत धरत दारात आली.

"काहून उभे हा?"

"उपटून राहिलो."

"मंग मलेही उपटा," ती म्हणाली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

मी विळा खोचला आणि तिला आत नेलं. तिने माझ्या हाताला धरलं होतं. तिच्या हातात एवढा जोर उरला असेल असं वाटलं नव्हतं.

आता सभांचं लिहितो, कारण तू राजकारणावर आलास. आपल्याकडे तिघं उभे आहेत. अण्णासाहेबांचं तुला माहीत आहे. आताचे जे आमदार आहेत, त्यांना बाजारात कोणीतरी विचारलं, साहेब, गांजाबद्दल तुमचं काय? ते म्हणाले, अभ्यास करून सांगतो. पाच वर्षं झाली, ते अभ्यासच करून राहिले आहेत. तिसऱ्या ललिताताई. तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. अपक्ष. निशाणी कपबशी. त्यांची सभा निंबाखाली झाली. माणसं तीस, त्यातली दहा सावलीसाठी आलेली.

त्या काय म्हणाल्या ते जसं आठवतं तसं लिहितो. म्हणाल्या, "गर्द विकणारा वेगळा आणि दुखण्यासाठी पान उकळणारी बाई वेगळी. कायद्यानं दोघांनाही एकाच खोलीत कोंबलं. आधी सरकारच परवाना देत होतं, मोजून विकत होतं. बंदी आली म्हणून झाड गेलं नाही. मोजणारा गेला."

तुला आठवतं, आपण दोघं शाळेतून येताना बाजारात ते गांजाच्या ठेक्याचं दुकान लागायचं? कुलपावर लाखेचा तांबडा शिक्का. तू म्हणायचास, हा शिक्का तोडला तर राणी येऊन पकडते. राणी कधीच गेली होती, तरी आपण दुरून जायचो.

मागून कोणीतरी ओरडलं, "ताई, कापसाले भाव नाही, आमाले गांजाच लावू द्या."

"लावू दीन ना भाऊ," त्या म्हणाल्या. "पन व्यापारी त्याचाही भाव पाडतीन."

निंबाखाली सगळे हसले. यंदा गावात पोलीस तीनदा आत्महत्येच्या पंचनाम्याला येऊन गेले आहेत, तिन्ही वेळा फवारणीच्या औषधाचा डबा घेऊन गेले. त्यामुळे हसणं ऐकून बरं वाटलं.

सभा झाल्यावर त्या घरी आल्या. कोणी सांगितलं कोण जाणे. कौशल्याच्या बाजूला बसल्या, तिची नाडी धरली, पोटाला हात लावला. मग पाणी प्यायला म्हणून परसात गेल्या. मी मागे गेलो. त्या झाडासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाबा, याच्यापेक्षा चांगलं औषध आहे. अफूपासून करतात. गोळी आहे, स्वस्त आहे. पण ती ठेवायला दुकानाला परवाना लागतो आणि त्याच्या कागदांना भिऊन आपल्या बाजूला कोणी ठेवत नाही. मी नोकरीत होते तेव्हा दहा वेळा लिहून पाठवलं. म्हणून उभी आहे."

माणूस रस्त्यासाठी उभा राहतो, जातीसाठी राहतो. एका गोळीसाठी उभी राहिलेली बाई मी पहिल्यांदा पाहिली.

तू हे वाचून हसशील. हस. मोईजचं लग्न कधी करतोस ते तरी कळव. कौशल्या विचारत होती. तिच्या हातची अंबाडीची भाजी तो बोटं चाटून खायचा.

देवमन


अमरावती
२७ सप्टेंबर २००४

देवमनभाऊ,

मी हसलो नाही.

मोईज सुरतेत नाही. कधीच गेला नव्हता. हे मी तुझ्याशी तीन वर्षं खोटं बोललो. तुझ्याशी, भावकीशी, मशिदीतल्या लोकांशीही. एकदा सुरत म्हटलं, मग सुरतेलाच धरून राहावं लागलं. कोणी विचारलं तर मी तिथला भाव, तिथलं हवापाणी सांगत असे. वर्तमानपत्रात सुरतेची बातमी आली की आधी वाचत असे, म्हणजे कोणी विचारलं तर उत्तर चुकू नये.

तो कॉलेजात असताना गांजा ओढू लागला. मी खात्यातला माणूस, माझ्याच घरात वास येत होता आणि मी नाकाला सांगत होतो, उदबत्ती आहे. पुढे गर्दच्या पुड्या. आईच्या बांगड्या गेल्या, माझी सायकल गेली. एकदा मी त्याला मारलं. पट्ट्याने. पंचवीस वर्षांच्या मुलाला. त्याने हात वर केला नाही, नुसता पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी निघून गेला. त्यानंतर एकाने त्याला बडनेऱ्याच्या फलाटावर पाहिलं म्हणून सांगितलं. मी वर्षभर रोज बडनेऱ्याला जात होतो. आता शुक्रवारी जातो.

म्हणून अण्णासाहेब जेव्हा म्हणतात की उपटून टाकीन, तेव्हा माझा हात आपोआप वर जातो. ते गांजा आणि गर्द वेगळं करत नाहीत हे मला कळतं. मीही करू शकत नाही. तुझ्या ललिताताई शहाण्या आहेत, पण त्यांना माझं मत मिळालं नसतं.

आता कामाचं. ती गोळी मला माहीत आहे. नागपूरला एका ठिकाणी मिळते. परवान्याचे कागद मी नोकरीत असताना हाताळले आहेत, कुठल्या खिडकीवर कोण बसतं ते अजून आठवतं. वहिनींच्या डॉक्टरांचे सगळे कागद झेरॉक्स करून रजिस्टरने पाठव. एकही वगळू नकोस. मी स्वतः जातो. वेळ लागेल, पण आणतो.

गोळ्या हातात पडेपर्यंत झाडाचं काय करायचं, ते मी लिहीत नाही. तू विचारूही नकोस.

नियाज


हिवरखेड
९ ऑक्टोबर २००४

नियाजभाई,

रजिस्टर मिळालं असेल. तुझ्या पत्रावर मी काही लिहिलं नव्हतं. पाच वेळा कागद घेतला. कौशल्याला वाचून दाखवलं. ती पूर्ण ऐकून म्हणाली, "तेवढ्या भाजीसाठी तरी यीन तो कधी." मग तिने भिंतीकडे तोंड केलं.

पण परवा जे झालं ते लिहिल्याशिवाय मला अन्न जाणार नाही. माझा अजून विश्वास बसत नाही. तू पंचनाम्याचा माणूस, तुला तरी नीट सांगतो.

गुरुवारी अण्णासाहेबांची मोठी सभा होती, शाळेच्या मैदानावर, चार वाजता. आपल्याकडची पद्धत तुला ठाऊक आहे. पुढारी आला की मंडपाचे खांब शेतातल्या मालाने सजवायचे. ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, फुलावर आलेली अंबाडी. मंडपाचं काम जयवंताकडे होतं. मी सकाळीच तेल्हाऱ्याला गेलो होतो, तुझ्यासाठी झेरॉक्स काढायला आणि रजिस्टर करायला. तिथं लाईट नव्हती, म्हणून दुपार झाली. इकडे जयवंता घरी आला आणि दारातून ओरडला, "काकू, परसातली अंबाडी नेऊ का मंडपाले?" कौशल्या ग्लानीत होती. तिने म्हटलं, "ने."

त्याने घाईघाईत सगळी ओळ कापली. सगळी.

मी एसटीतून उतरलो तो थेट मैदानावर. माणसं चारशे तरी होती. पुढे बायका, मागे पुरुष. जागा मिळाली तिथं बसलो आणि वर पाहिलं. स्टेजच्या उजव्या खांबाला, अण्णासाहेबांच्या बरोबर खांद्यामागे, अंबाडीच्या पिवळ्या फुलांमध्ये माझं झाड बांधलेलं होतं. शेंड्यासकट. सगळ्यांत उंच तेच.

नियाज, माझ्या कानात काही ऐकू येईना. हातातली कागदांची पिशवी मी छातीशी धरली.

शहरातल्या माणसाला कळणार नाही, पण आपला माणूस अंबाडी डोळे मिटूनही ओळखतो. जन्मभर भाजी खाल्ली, दोर वळले. चारशे माणसं त्या खांबाकडे पाहून राहिली होती. एकेकाची नजर तिथं जायची, थांबायची आणि खाली यायची. मला दिसत होतं. लीलाबाईने पदर तोंडाला लावला. माझ्या बाजूच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं, मग सुपारी काढून कातरू लागला आणि एक तुकडा माझ्या हातावर ठेवला.

अण्णासाहेब बोलायला उठले. मातीचं बोलले, कापसाचं थोडं बोलले. मग म्हणाले, "या मतदारसंघात गांजाचं एक झाड मी उभं राहू देणार नाही. ते माझ्या नजरेतून सुटणार नाही." वारा सुटला होता. त्यांनी लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "हा वास बघा. हा आपल्या मातीचा वास आहे. हे सोडून आपली पोरं विषाच्या मागे जातात." आणि हात मागे करून त्यांनी शेंडा तोडला. अंबाडीचा नाही, नियाज. त्याचाच. तो हातात उंच धरून म्हणाले, "ही अंबाडी. ही खरी लक्ष्मी. हिच्यासाठी मला मत द्या."

मी डोळे मिटले. आता हसणार. एकजण जरी हसला तरी संपलं.

कोणी हसलं नाही.

चारशे माणसं. आमचा गाव कसा आहे तुला माहीत आहे. कोणाचं धोतर सुटलं तरी आठ दिवस हसतो. त्या दिवशी एक आवाज नाही. पुढून एका बाईने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवल्या. अण्णासाहेबांना वाटलं, त्यांच्यासाठी. त्यांनी तो शेंडा कानाला लावून नमस्कार केला, खिशात खोचला आणि जीपमध्ये बसून पुढच्या गावाला गेले.

दुपारपासून दिवेलागणीपर्यंत कौशल्याचं ओरडणं या सगळ्यांनी ऐकलं होतं. श्रावणात ते थांबलं हेही ऐकलं होतं. का थांबलं, हे मला वाटत होतं की मला आणि लीलाबाईलाच माहीत आहे.

माणसं उठली. खांबाकडे कोणी गेलं नाही. तेवढ्यात बंदोबस्ताचा शिपाई स्टेजवर चढला. सुगत म्हणून आहे, वलगावकडचा, नवीनच बदलून आला आहे. त्याने खांबाची सुतळी सोडली. जवळ नाक नेलं. मग मैदानावर नजर फिरवली आणि मंडप सोडत असलेल्या जयवंताला विचारलं, "ही कोणाची?"

जयवंता चाचरला. त्याला बांधतानाच वास आला होता म्हणे, पण तोवर जीप आली होती. त्याने काही सांगितलं नाही. मीच हात वर केला. शाळेत करायचो तसा.

सुगतने ते झाड मध्ये घेतलं, भोवती अंबाडी लावली, दोराने गच्च पेंढी बांधली आणि खांद्यावर घेतली. म्हणाला, "चाला बाबा."

मला वाटलं ठाण्यात. मी पिशवी जयवंताच्या हातात दिली. म्हटलं, हे दवाखान्याचे मूळ कागद आहेत, नियाजभाईला रजिस्टर केल्याची पावती आत आहे, कौशल्याला दे. पण सुगत ठाण्याच्या रस्त्याला वळलाच नाही. आमच्या गल्लीत वळला. ओट्या-ओट्यावर माणसं बसली होती. खाकीतला माणूस पेंढी घेऊन पुढे आणि मी मागे. कोणी काही विचारलं नाही. एकाने फक्त पाय आत ओढून वाट दिली.

त्याने परसात पेंढी टाकली. आतून कौशल्याने विचारलं, "कोन आहे?"

"पोलीस आहे, माय."

"कशाले आला?"

"बाबाची अंबाडी मंडपात राहिली होती. आनून टाकली."

"मंग बस. चहा घे."

"चहा नको. पानी द्या."

मी तांब्या भरून दिला. तो प्याला, तोंड पुसलं आणि हळूच म्हणाला, "पुढच्या साली लावू नका. मी इथं नसीन."

आणि गेला. एवढंच. कायदा टोपी घालून माझ्या परसात आला, पाणी पिऊन गेला. मी अजून तांब्या हातात धरून आहे असंच वाटतं.

पाला सावलीत वाळत घातला आहे. पंधरा दिवस पुरेल. त्याच्या पुढचं मला माहीत नाही. उपटायचं काम आता उरलं नाही, तेवढं तुझं ऐकल्यासारखं झालं.

देवमन


अमरावती
१४ ऑक्टोबर २००४

देवमनभाऊ,

तुझं पत्र जाळलं नाही. ते माझ्या नोकरीच्या कागदांत ठेवलं आहे, पेन्शनच्या हुकमाखाली.

तीस वर्षांत मी किती गावांत गेलो असेन. पंचनाम्याला दोन पंच लागतात. मला ते नेहमी मिळाले. कोणी भीतीने, कोणी शेजाऱ्याच्या रागाने, कोणी नुसताच रिकामा होता म्हणून. सही न करणारा गाव मी पाहिला नाही. तुझ्या मैदानावर चारशे पंच बसले होते. हे मी दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं. असं होऊ शकतं हे मला कोणी नोकरी लागताना सांगितलं असतं, तर कदाचित मोईजच्या वासाची गोष्ट मी शेजाऱ्याला तरी सांगितली असती.

माझं मत बदललं असं समजू नकोस. सुगतची बदली होणार आहे आणि माणसाच्या चांगुलपणावर औषध सोडून चालत नाही. तुझ्या ललिताताई हेच म्हणत असतील, तर तेवढ्यापुरते आम्ही एका बाजूचे. निकाल परवा लागेल. कपबशीला किती मतं पडली ते पाहून ठेव.

गोळ्या मिळाल्या. तीन दिवस लागले. खिडकीवर आता दुसराच माणूस बसतो. त्याने विचारलं, पेशंट तुमची कोण? कागदावर नाव कौशल्या आणि आणणारा नियाज. मी म्हटलं, वहिनी. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि शिक्का मारला. एक महिन्याच्या आहेत. पुढच्या महिन्यात पुन्हा जाईन. आता मला ती खिडकी माहीत झाली.

रविवारी दुपारच्या गाडीने येतो. चाँद दिसला असेल तर रोजा असेल, म्हणून आल्याबरोबर पाणी विचारू नकोस. रोजा तुझ्याच घरी सोडीन. अंबाडी सगळी कापली गेली असेल तर कोणाकडून मागून आण. भाजी वहिनींना विचारून लीलाबाईला करायला सांग.

आणखी एक. मोईज सुरतेत आहे असं आता कोणाला सांगू नकोस. कोणी विचारलं तर खरं सांग. तो बडनेऱ्याच्या फलाटावर दिसला होता, उंच आहे, डाव्या भुवईवर व्रण आहे, हेही सांग. तुझ्या गावातली माणसं कापूस घेऊन, सोयऱ्यांकडे, दवाखान्यात सगळीकडे जातात. त्यांना पाहता येतं आणि पोटात ठेवताही येतं.

नियाज